न वाचलेलं कलम

"तोंड उघड बघू," मोठ्या बाई म्हणाल्या.

वहिनीला आधी कळलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फाईल छातीशी धरून उभी होते. मी मान हलवली. वहिनीने तोंड उघडलं.

मोठ्या बाई खुर्चीतून पुढे वाकल्या. दात बघितले. हात उलटे करायला लावून नखं बघितली. पदर मागे घ्यायला सांगून केस बघितले. हात मात्र कुठेच लावला नाही. लांबूनच बोटाने दाखवायच्या. इकडे वळ. तिकडे वळ.

मग वकीलसाहेबांना म्हणाल्या, "तब्येतीने बरी दिसते. पण हल्ली आडनावावरून कळत नाही हो, म्हणून विचारते. हे लोक कोण?"

वकीलसाहेब हसले. "बाई, बीज तुमचं, फळ तुमचं. ही नुसती जागा. नऊ महिने भाड्याने घेतलेली."

सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या, त्यांचे साहेब हसले, वकीलसाहेब तर हसतच होते. चौथी मी. मी पण हसले.

वहिनीचं आडनाव तेच माझं आडनाव. "हे लोक" म्हणजे मीच. तरी हसले. वहिनीने तोंड अजून मिटलं नव्हतं. मिटू का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात वकीलसाहेबांचं ऑफिस. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आम्ही. दिवसभर मशिनींनी फरशी थरथरायची. मी तिथे टायपिस्ट. मराठी, इंग्रजी दोन्ही. अंबरनाथच्या आमच्या वस्तीत इंग्रजी टाइपिंगची परीक्षा पास झालेली मी पहिली मुलगी. विहारात माझा सत्कार झाला होता. गुलाबाचं फूल आणि एक वही. आई अजून सांगते सगळ्यांना.

मला वकील व्हायचं होतं. संध्याकाळचं लॉ कॉलेज होतं, प्रवेश घेतला होता. पण वकीलसाहेब आठ वाजेपर्यंत सोडायचे नाहीत. पहिलं वर्ष असंच फुकट गेलं.

त्यातच हे काम आलं. अंबरनाथच्या एका मोठ्या कंपनीत साहेब होते, त्यांची बायको म्हणजे या मोठ्या बाई. त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशात. तिला मूल राहत नव्हतं. पिशवीत दोष होता, बाकी सगळं ठीक. मुंबईचे एक डॉक्टर नवीन काहीतरी करत होते. लेकीचं आणि जावयाचं बीज घ्यायचं, काचेत वाढवायचं आणि दुसऱ्या बाईच्या पोटात ठेवायचं. ही नव्वदीतलीच, चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा असलं काही ऐकलं पण नव्हतं. कायदाही नव्हता, हो म्हणणारा नाही की नको म्हणणारा नाही. म्हणून करार करायचा होता. पक्का. इंग्रजीत.

वकीलसाहेब मला म्हणाले, "तुमच्या वस्तीत आहे का कुणी? एखादं मूल झालेली हवी. निरोगी. नवऱ्याची कटकट नसलेली."

मला विचार करायला एक मिनिट पण लागलं नाही. म्हणाले, "आहे."

माझा भाऊ कंपनीत टाकी साफ करायला आत उतरला आणि गुदमरून मेला. कंत्राटदाराचा माणूस होता, म्हणून कंपनीने हात झटकले. वहिनीचं नाव मंगल. तेव्हा सत्तावीस वर्षांची. प्रज्ञा पाच वर्षांची. दोघी बदलापूरला मांजर्लीत भाड्याच्या खोलीत राहायच्या. नदी जवळ. जुलैत पाणी आत यायचं, मग भांडीकुंडी पलंगावर आणि पलंगावर या दोघी. वहिनी उल्हासनगरला कारखान्यात जीन्सचे धागे कापायची. बोटं निळी व्हायची रंगाने. भाकरी करताना पिठाला पण निळं लागायचं.

मी तिला म्हणाले, "खोली मिळेल. अंबरनाथला, दुसऱ्या मजल्यावर. तुझ्या नावावर."

ती म्हणाली, "ताई, पाप तर नाही ना हे?"

"यात पुरुषाचा संबंधच नाही. डॉक्टर करतात सगळं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आले होते का दादाच्या वेळी?"

तिने बोटांवरचा निळा रंग नखाने खरवडला. मग म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही बरं म्हणता तर बरंच असेल."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेबांना होकार कळवला. ते खूश झाले. म्हणाले, "तू पण हुशार आहेस. हे काम नीट पार पडू दे, तुला रोज साडेपाचला सोडत जाईन. कॉलेज कर."

म्हणजे बघा. वहिनीला खोली. मला संध्याकाळ. माझी संध्याकाळ मी कशातून मिळवली ते मला तेव्हाच माहीत होतं. नव्हतं माहीत असं मी म्हणणार नाही.

करार मीच टाइप केला. नऊ पानं, बावीस कलमं. मुलीकडचे म्हणजे पहिला पक्ष. वहिनी म्हणजे दुसरा पक्ष. तिचं नाव फक्त पहिल्या पानावर एकदा. पुढे सगळीकडे दुसरा पक्ष. दुसऱ्या पक्षाने कुठे राहायचं. काय खायचं. कुणाला भेटायचं. दुसऱ्या पक्षाने मुलाला पाजायचं नाही. तोंड बघायचं नाही.

चौदावं कलम टाइप करताना माझा हात थांबला. मूल व्यंग घेऊन जन्मलं तर पहिल्या पक्षावर ते घेण्याचं बंधन नाही. आणि मूल घेतलं नाही तर खोलीचं कलमही रद्द.

मी वकीलसाहेबांकडे गेले. "साहेब, हे चौदावं?"

ते मान वर न करता म्हणाले, "असू दे. असं काही होत नसतं. आणि वाचताना सगळं वाचत बसू नको तिच्यापुढे. घाबरते बाई. मोघम सांग."

सहीच्या दिवशी मी वहिनीशेजारी बसले. एकेक कलम मराठीत सांगत गेले. ती प्रत्येकाला "हं" म्हणत होती. तेरावं सांगितलं. मग पान उलटलं आणि पंधरावं सांगितलं. माझा आवाज अडखळला नाही. मी इतकी सराईत कधी झाले, मलाच कळलं नाही.

वहिनी चौथी शिकलेली. सही करायला तिला वेळ लागला. "ल" काढताना जीभ बाहेर आली होती. तिच्या सहीखाली ओळ होती: मजकूर दुसऱ्या पक्षाला मराठीत वाचून समजावून सांगितला. त्या ओळीखाली मी सही केली. झोकदार. वकिलासारखी.

मुंबईच्या दवाखान्यात दुसऱ्या खेपेला गर्भ राहिला. वहिनीला मोठ्या बाईंच्या बंगल्यामागच्या खोलीत ठेवलं. पूर्वी तिथे माळी राहायचा. प्रज्ञाला माझ्या आईकडे आणलं. तिने रविवारी दोन तास यायचं, पण बंगल्यात शिरायचं नाही. फाटकाजवळ आईला भेटायचं. मोठ्या बाई म्हणायच्या, "लहान मुलांना काही ना काही रोग असतात."

खाणंपिणं उत्तम होतं, खोटं कशाला बोलू. दूध, फळं, सुका मेवा. पण ताट वेगळं. ते तिनेच घासून तिच्याच खोलीत ठेवायचं. तिच्या पोटात यांचा वंश होता, आणि तिचं ताट यांच्या मोरीत चालत नव्हतं.

तिच्या खोलीत टेपरेकॉर्डर आणून ठेवला. सकाळ-संध्याकाळ स्तोत्रांच्या कॅसेट लावायच्या, पोटाजवळ धरून. वहिनी पहिल्या दिवशी म्हणाली, "बाई, आमच्यात हे नाही ऐकत. मी आमची वंदना म्हणू का?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाहीये गं ते. बाळाला ऐकवायचंय."

वहिनीने मला हे फाटकाशी उभं राहून सांगितलं. मग म्हणाली, "ताई, बाळाला कॅसेट ऐकू जाते, तर या मला काय काय बोलतात ते पण जात असेल ना?"

मी म्हणाले, "थोडे महिने राहिलेत आता." आणि घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

त्याच महिन्यांत कॉलेजात आम्हाला मानवी हक्क शिकवायला कल्याणहून एक वकील मॅडम यायच्या. साधी सुती साडी, चष्मा, बारीक आवाज. म्हणाल्या, सगळ्या जगाने मिळून मुलांच्या हक्कांचा एक करार केलाय, आणि आपल्या सरकारने तो मान्य केलाय. मूल कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही स्वरूपात विकता येणार नाही असं त्यात आहे. आपले आईबाप कोण हे शक्य तितकं कळण्याचा मुलाला हक्क आहे. मग त्यांनी वर्गाला विचारलं, "बाईचं पोट करारावर देता येईल का? कुणाचं काय मत?"

पहिल्या बाकावर मी. माझ्या बॅगेत त्या नऊ पानांची कार्बन कॉपी होती. फाईलला लावायची राहिली होती. मी हात वर केला नाही. वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि खाली लाल पेनने रेघ मारली. परीक्षेला त्यावर प्रश्न आला. मला चांगले मार्क पडले.

डिसेंबरात वहिनी बाळंत झाली. अंबरनाथलाच, एका छोट्या नर्सिंग होममध्ये. मुलगी झाली. वरचा ओठ मधोमध फाटलेला, नाकपुडीपर्यंत. बाकी ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी शिवता येतो, फारसं दिसणारही नाही.

मोठ्या बाई आल्या. दारातूनच पाहिलं. आत आल्या नाहीत.

"आमच्या घराण्यात असं कुणाला नाही," त्या म्हणाल्या. "हिच्याच पोटात झालं असणार."

परदेशात फोन झाला. लेक रडली म्हणे. जावयाने वकीलसाहेबांशी इंग्रजीत बोलणं केलं. दुपारी वकीलसाहेब स्वतः आले, फाईल घेऊन. वहिनीच्या खाटेपाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, "हे बघ, चौदाव्या कलमाप्रमाणे ते मूल घेत नाहीत. त्यामुळे खोलीचा विषयही राहत नाही. तू सही केलेली आहेस."

वहिनी उठून बसायला लागली. टाके ओढले गेले असणार, तोंड वाकडं झालं. ती त्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याकडे वळली.

"हे तू वाचलं नव्हतंस."

आजवर ती मला अहो-जाहो करायची. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तरी करायची. मी शिकलेली म्हणून. त्या दिवशी तू म्हणाली.

मी म्हणाले, "वहिनी, मला वाटलं..."

"वाचलं होतंस का?"

"नाही."

ती पाळण्याकडे वळली. बाळ रडत होतं. त्या ओठाने त्याला ओढता येत नव्हतं. वहिनीने नर्सकडून वाटी-चमचा मागून घेतला आणि स्वतःचं दूध काढून चमच्याने थेंबथेंब घालायला लागली. पाजायचं नाही, तोंड बघायचं नाही, असं कलम होतं. आता कुणी तिला आठवण करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला टाइपरायटरपाशी बसवलं. स्वतः फेऱ्या मारत सांगायला लागले. स्टँपपेपर लावलेला होता.

"लिही. मी, मंगल अमुक अमुक, विधवा, शपथेवर लिहून देते की, मुंबई येथील उपचार निष्फळ ठरले होते. सदर मूल हे माझ्या खाजगी संबंधातून..."

'सदर मूल'पर्यंत माझी बोटं चालली. सवयीने चालली. मग थांबली.

मी शूर नाही. शूर असते तर चौदाव्या कलमाला थांबले असते. पण त्या ओळीत माझ्या मेलेल्या भावाची बायको होती आणि तिच्यावर चिखल फेकणारे हात माझे होते. मी बोटं उचलली. कागद रोलरमधून ओढून काढला. अर्धा फाटला.

"हे मी टाइप करणार नाही."

"काय?"

"यातलं एक अक्षर खरं नाही, साहेब."

ते थांबले. मग शांतपणे म्हणाले, "खऱ्याची तुला केव्हापासून पडली? त्या करारावर वाचून सांगितल्याची सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"ती खोटी आहे. विचारतील तिथे तेही सांगीन."

तेव्हा त्यांचा आवाज चढला. "तुमच्या लोकांना टेबलाशी बसवलं ना, की हेच होतं!"

या वेळी हसायला कुणी नव्हतं. मी पर्स उचलली. नऊ पानं बॅगेतच होती. जिना उतरले. कारखान्यात बायका मान खाली घालून धागे कापत होत्या. वहिनीची जागा दुसऱ्या कुणाला दिली होती.

तिथून सरळ नर्सिंग होममध्ये गेले. मला वाटत होतं मी काहीतरी मोठं केलंय. वहिनीला म्हणाले, "नोकरी सोडली. आणि हे बाळ मी सांभाळते. मी घेते हिला."

वहिनीने वाटी-चमचा बाजूला ठेवला.

"का? तुला शिक्षा पाहिजे म्हणून?" ती म्हणाली. "पोर म्हणजे काय शिक्षा आहे का, घरी नेऊन भोगायला? तिने काय केलंय?"

तिने बाळाचं दुपटं नीट केलं.

"मी हिची आई नाही," ती म्हणाली. "मला ही नको होती. मला खोली पाहिजे होती. पण टाकता येत नाही मला. तू जा आता."

मांजर्लीच्या त्याच खोलीत ती बाळाला घेऊन गेली. वस्तीत जे बोलायचं ते लोक बोलले. वहिनीने कुणाला काही समजावलं नाही. नाव प्रज्ञाने ठेवलं. मैत्री. आठ महिन्यांची झाल्यावर मुंबईच्या सरकारी इस्पितळात ओठ शिवला. आता एक पुसट रेघ आहे, हसली की दिसते. मी रविवारी जाते. वहिनी पाणी देते, चहा देते. बोलत नाही. मैत्री माझ्या मांडीवर बसते, तेव्हा वहिनी उठून बाहेर जाते.

मी कल्याणच्या मॅडमकडे गेले. नऊ पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्या चौदाव्या कलमापाशी थांबल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचीस."

"हो."

"त्या दिवशी हे तुझ्याकडे होतं?"

"बॅगेत होतं, मॅडम."

त्यांनी पान उलटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही दावा लावला. म्हणजे वहिनीने लावला, मॅडम चालवतात. खोलीसाठी नाही, वहिनीनेच सांगितलं, आता त्यांची खोली नको. मागणं दोनच. मूल हा खराब निघालेला माल नाही, म्हणून ते कलम आणि तो करार रद्द धरावा. आणि मैत्री कुणाची हे नोंदीवर यावं, त्यांनी तिची जबाबदारी उचलावी. उद्या ती विचारील तेव्हा तिला सांगायला खरी नावं असावीत.

मॅडम मला स्पष्ट म्हणाल्या, "आपल्याकडे यावर कायदा नाही. मुलांच्या हक्कांचा तो करार इथल्या कोर्टात कितपत चालेल, मी सांगू शकत नाही. न्यायाधीश म्हणतील, परदेशातल्या गोष्टी इथे नकोत."

मी म्हणाले, "वहिनीने न वाचता सही केली, तरी ती बांधली गेली म्हणतात. सरकारने तर वाचून सही केलीय. सरकार बांधलं जात नाही का?"

"हेच मी मांडणार आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी सिद्ध करावं लागेल की कलम तिला वाचून दाखवलं नव्हतं. आणि खाली तुझी सही आहे."

"मी सांगते ना."

"सांगितलंस तर फसवणुकीत तू पण आलीस. तू वकिलीचं शिकतेयस. सनद अडकू शकते. कायमची. नीट विचार कर."

तीन वर्षं तारखाच पडत राहिल्या. मागच्या आठवड्यात वकीलसाहेबांनी एका ओळखीच्या कारकुनाबरोबर निरोप पाठवला. पोरीला सांग, "आठवत नाही" एवढंच म्हण. दोन शब्द. सनद मिळेल, माझ्याच ऑफिसात टेबल देतो.

निरोप मी आईला सांगितला. आई म्हणाली, "इतकी वर्षं शिकलीस." ती कोणत्या बाजूने बोलत होती, मी विचारलं नाही.

वहिनीला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, आता काय उपकार करतेस का. आणि बरोबर म्हणेल. माझ्या साक्षीने तिचे नऊ महिने परत येणार नाहीत. दावा हरला तर मैत्रीच्या बापाच्या रकान्यात रेघच राहील. जिंकला तरी वहिनी माझ्याशी बोलेल असं नाही. त्यासाठी मी जातही नाही. माफी मागायचा मला हक्क आहे का, तेच मला ठाऊक नाही.

उद्या कल्याण कोर्टात माझी साक्ष आहे. मोठ्या बाई असतील, वकीलसाहेब असतील. मी पिंजऱ्यात उभी राहीन. ते विचारतील, कराराची भाषा साक्षीदाराला समजत होती का. मी म्हणेन, होय. प्रत्येक शब्द. मीच टाइप केला होता. मला वाचता येत होतं, आणि मी वाचलं नाही.

मग त्यांनी माझं जे करायचं ते करावं.